पाखंडी कोणाला म्हणायचे?

‘पाखंडी’ हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाखंड्याला तोंडच्या शब्दानेसुद्धा मान देऊ नये, असे बजावले आहे. पुढे पुराणांनी बौद्धांना याच नावाने हिणवले. परंतु सम्राट अशोकाच्या शिलालेखांत हाच शब्द ‘पासंड’ या रूपात येतो आणि तेथे त्याला शिवीचा वास नाही. तेथे पासंड म्हणजे पंथ. मग तो श्रमणांचा असो, ब्राह्मणांचा असो की आणखी कोणाचा. गिरनारच्या बाराव्या लेखात अशोक सांगतो की, सर्व पंथांचा मान राखावा, जिभेला आवर घालावा. आपल्या पंथाच्या अभिमानापोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे दगडावर कोरले गेले. त्यानंतर सुमारे अठराशे वर्षांनी युरोपात याच अर्थाच्या एका शब्दापायी माणसे जिवंत जाळली जात होती. त्या काळातील एका गरीब विद्वानाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे बरेच दिवस मनात होते.

याला एक कारण आहे. रविवारच्या अभ्यासवर्गात आमची तरुण मुले नेहमी विचारतात, धर्माचा वणवा पेटतो तेव्हा पुस्तकवाल्यांचा उपयोग काय? मोर्चाला माणसे लागतात, जाडे ग्रंथ कोण वाचतो? प्रश्न रास्त आहे. प. पू. बाबासाहेबांच्या अनुयायांनी तो विचारावा याचे थोडे नवल वाटते, कारण पुस्तकांसाठी घर बांधणारा दुसरा नेता या देशाने पाहिला नाही. तरी उत्तर दिले पाहिजे, आणि ते ‘विद्वान नेहमीच थोर असतात’ असे भाबडे असून चालणार नाही. सगळे विद्वान थोर नव्हते.

१५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिले, हे आपल्याला ठाऊक आहे. राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक आणि सामाजिक क्रांती व्हावी लागते, हे सांगताना बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ल्यूथरचाच दाखला दिला आहे. पण ल्यूथरच्या आधीपासून काही माणसे वेगळ्याच कामात गढलेली होती. त्यांना मानवतावादी विद्वान म्हणतात. पुरोहित सांगतो ते धर्मग्रंथात खरेच आहे काय, हे मूळ ग्रीक आणि हिब्रू पोथ्या उघडून ताडून पाहायचे, एवढाच त्यांचा उद्योग. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर खतावणी आणि मूळ पावत्या यांचा मेळ घालणे! ज्याने हे काम केले आहे त्याला ठाऊक असते की, मेळ बसला नाही की सर्वांत आधी साहेब रागावतो.

जर्मनीतील योहान रॉयखलिन याच्यावर असाच राग निघाला. ज्यूंचे धर्मग्रंथ जप्त करून नष्ट करावेत अशी मागणी होती. बादशहाने मत मागवले तेव्हा १५१० साली रॉयखलिनने लिहून दिले की, ती पुस्तके नष्ट करू नयेत, ती शिकावीत. त्याबद्दल त्याला पुढे कित्येक वर्षे खटल्यांना तोंड द्यावे लागले. येथे एखादा वाचक विचारील, महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी आपणही पुस्तक जाळलेच ना? जाळले. पण कोणाच्या घरात घुसून पोथ्या ओढून आणल्या नव्हत्या. ज्यांना त्या कायद्याने माणूस मानले नाही, त्यांनी तो कायदा आपल्यापुरता अमान्य असल्याचे जाहीर केले. राज्यकर्त्यांनी दुबळ्यांच्या घरातील ग्रंथ जप्त करणे ही वेगळी गोष्ट आहे.

या विद्वानांचा मेरुमणी म्हणजे इरॅस्मस. रॉटरडॅमचा हा मुलगा, एका धर्मगुरूला लग्नाबाहेर झालेला. जन्मावरून कमी लेखले जाणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असणार. १५१६ साली त्याने बासेल शहरात ग्रीक ‘नवा करार’ छापून प्रसिद्ध केला. नांगर धरणाऱ्याने आणि मागावर बसणाऱ्यानेही धर्मवचने म्हणावीत, अशी इच्छा त्याने त्या वेळी लिहून ठेवली. इच्छा फार चांगली. पण ती त्याने लिहिली लॅटिनमध्ये! जन्मभर तो लॅटिनमध्येच लिहीत राहिला. नांगर धरणारा ती वाचणार कशी? वाचताना मला विनयपिटकातील प्रसंग आठवला. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी त्यांना ठपका दिला आणि लोकांनी धम्म आपापल्या भाषेत शिकावा असे सांगितले. हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षे आधीच सुटला होता.

इरॅस्मस कोणत्याही गटात गेला नाही. ल्यूथरशी त्याचे १५२४-२५ मध्ये जाहीर भांडण झाले, आणि १५५९ साली पोपने त्याचे सर्व लेखन बंदीच्या यादीत टाकले. दोन्हीकडून मार. तरीही माझ्या मनात त्याच्याविषयी एक तक्रार उरतेच. १५२५ मध्ये जर्मनीतील शेतकरी वेठबिगारीविरुद्ध उठले आणि हजारोंच्या संख्येने कापले गेले, तेव्हा ल्यूथरने त्यांना ठेचण्याचा सल्ला दिला आणि विद्वानांपैकी फारच थोडे त्यांच्या बाजूने बोलले. इंग्लंडचा थॉमस मोर तर इरॅस्मसचा जिवलग मित्र, ‘युटोपिया’चा लेखक, तो राज्याचा चॅन्सेलर असताना पाखंडी ठरवून माणसे जाळली गेली, आणि १५३५ साली राजाचे धर्मप्रमुखपण मान्य केले नाही म्हणून त्याचेच डोके उडवले गेले. तेव्हा नुसत्या विद्वत्तेने माणूस दयाळू होतो असे नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. त्याचे नाव सेबास्तियन कास्टेलिओ. जन्म १५१५, तेव्हाच्या सॅव्हॉय राज्यातील एका खेड्यातल्या गरीब शेतकरी घरात. लिऑं शहरात शिकला, ग्रीक-लॅटिन-हिब्रूत तयार झाला. फ्रान्समध्ये त्या दिवसांत प्रॉटेस्टंट मताच्या लोकांना जाळत होते. तरुण कास्टेलिओने जाळणाऱ्यांचा धर्म सोडला आणि जळणाऱ्यांचा धरला. १५४० साली तो स्ट्रासबुर्गला गेला आणि तेथे जॉन कॅल्विनच्या घरी काही काळ राहिला. पुढे कॅल्विन जिनिव्हाचा सर्वेसर्वा झाला आणि कास्टेलिओ तेथील शाळेचा मुख्य शिक्षक. मुलांना लॅटिन सोपे जावे म्हणून त्याने बायबलातील गोष्टींचे संवाद लिहिले. शहरात प्लेग आला तेव्हा रुग्णांच्या इस्पितळात जायला बरेच धर्मोपदेशक कचरले. धर्मोपदेशक नसलेला हा मास्तर मात्र जायला तयार झाला.

कॅल्विनशी बिनसले ते एका प्रेमगीतावरून. बायबलातील ‘गीतरत्न’ हे साधे शृंगारगीत आहे, असे कास्टेलिओचे मत. कॅल्विनच्या लेखी ते पवित्र वचन. एवढ्यावरून त्याला धर्मोपदेशकाचे पद नाकारले गेले. नोकरी सोडून तो बासेलला गेला आणि ओपोरिनस नावाच्या छापखानदाराकडे मुद्रितशोधक म्हणून राबू लागला. पगार तुटपुंजा, कुटुंब मोठे. दिवसा दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रात्री बायबलचे भाषांतर करायचे. लाकूडफाट्याला पैसे नसत. ऱ्हाइन नदीला पूर आला की वाहून येणारे ओंडके लोक आकडीने ओढून काढत, तसे तोही काढी. पुढे जिनिव्हाहून त्याच्यावर लाकूडचोरीचा आरोप छापला गेला! त्याने उत्तर दिले की, नदीतले लाकूड कोणाच्या मालकीचे नसते, सारे शहर ते दिवसाढवळ्या काढते, आणि माझे भाषांतर सुटू नये म्हणून मी ते केले. ज्यांच्या आईने रेल्वेरुळांच्या कडेने कोळसा वेचून चूल पेटवली आहे, त्यांना या आरोपाची जात वेगळी सांगायला नको.

त्याचे फ्रेंच बायबल १५५५ साली छापले गेले. ते त्याने न शिकलेल्या लोकांसाठी केले होते. होमबलीला विद्वानांचा ग्रीक वळणाचा शब्द होता. तो सामान्यांना कळणार नाही म्हणून त्याने ‘जाळणे’ या रोजच्या क्रियापदावरून नवा शब्द पाडला. शिष्टांनी नाके मुरडली. ही भिकाऱ्यांची बोली आहे, असा शेरा मारला गेला. आपल्या दलित लेखकांच्या पहिल्या पुस्तकांवर कोणते शेरे आले होते, ते जुन्या वाचकांना आठवत असेल.

आणि मग १५५३ साल आले. मिगेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य. हृदयातील रक्त फुप्फुसांतून फिरून परत येते, हे युरोपात प्रथम छापून सांगणारा माणूस. त्याने ते सांगितले एका धर्मविषयक ग्रंथात, आणि त्याच ग्रंथात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव होतो ही कल्पना त्याने नाकारली. फ्रान्समध्ये कॅथॉलिकांनी त्याला पकडले. त्याच्याविरुद्धचा पुरावा जिनिव्हाहून गेला होता, ज्यात त्याने कॅल्विनला लिहिलेली पत्रे होती. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा त्याचा पुतळा जाळण्यात आला. ऑगस्टमध्ये तो जिनिव्हात आला, चर्चमध्ये ओळखला गेला आणि पकडला गेला. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी शांपेलच्या टेकाडावर त्याला जिवंत जाळले. कॅल्विनने जाळण्याऐवजी तलवारीने मारावे असे सुचवले होते, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. मारू नये असे मात्र तो म्हणाला नाही.

म्हणजे पहा, कालपर्यंत जे जाळले जात होते त्यांनी आपले राज्य येताच पहिली चिता रचली. जिनिव्हाच्या बाजूचे पंडित गप्प बसले किंवा त्यांनी अभिनंदन केले. कास्टेलिओ त्या सुमारास नुकताच बासेलच्या विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला होता. कधी नव्हे ते घरात दोन पैसे येऊ लागले होते. अशा वेळी माणूस काय करतो, हे आपण नोकरदार जाणतो. त्याने १५५४ च्या मार्चमध्ये पुस्तक काढले. नाव होते, पाखंड्यांचा छळ करावा काय? लेखकाचे नाव खोटे, मार्टिनुस बेलियस. छापल्याचे गावही खोटे, माग्देबुर्ग. छापले होते बासेललाच. टोपणनाव घेतले म्हणून मी त्याला भित्रा म्हणणार नाही. घरात लेकरे होती आणि बाहेर सरण तयार होते.

पुस्तकातली युक्ती मला फार आवडते. त्याने स्वतः थोडेच लिहिले आणि जुन्या-नव्या धर्मपंडितांची मते एकापुढे एक मांडली. त्यांत ल्यूथर होता, इरॅस्मस होता आणि खुद्द कॅल्विनही होता! स्वतः परागंदा असताना १५३६ साली कॅल्विनने लिहिले होते की, मतभेद असणाऱ्यांना सौम्यपणे समजावून वळवावे. ती पाने तशीच छापली. प्रस्तावनेत कास्टेलिओ म्हणतो की, पाखंडी म्हणजे कोण याचा पुष्कळ शोध घेतल्यावर माझ्या हाती एवढेच लागले, आपल्याशी ज्याचे मत जुळत नाही त्याला आपण हे नाव देतो. या गावात तुम्ही सच्चे, पुढच्या गावात तुम्हीच पाखंडी. त्याने एक गोष्टही दिली आहे. राजाने प्रजेला सांगितले, मी येईन तेव्हा पांढरी वस्त्रे नेसून तयार राहा. प्रजेने वस्त्रे बाजूला ठेवली आणि राजा घोड्यावरून येईल की रथातून, यावर वाद घालत एकमेकांची डोकी फोडली.

जिनिव्हाच्या लोकांनी लेखक लगेच ओळखला. कॅल्विनचा सहकारी थिओडोर बेझा याने त्याच वर्षी उलट ग्रंथ लिहिला, की पाखंड्यांना शिक्षा करणे हे राजसत्तेचे कर्तव्यच आहे. कॅल्विनच्या समर्थनाला कास्टेलिओने ओळीला ओळ उत्तर तयार केले. त्याचा गाभा असा की, मत मताने खोडावे. माणसाला ठार केल्याने कोणताही सिद्धान्त वाचत नाही, एक जीव मात्र जातो. हे उत्तर त्याच्या हयातीत छापता आले नाही. १६१२ साली हॉलंडमध्ये छापले गेले. १५६२ मध्ये फ्रान्समध्ये कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा त्याने पुन्हा एक छोटे पुस्तक लिहून दोघांना विचारले की, तुमच्या मनावर कोणी अशी जबरदस्ती केलेली तुम्हाला चालेल काय? त्यात त्याने एक पथ्य पाळले. दोन्ही बाजू एकमेकींना शिवीवजा नावांनी हाका मारत असत. त्याने ज्याला जे नाव स्वतःसाठी पसंत, तेच वापरले. नावाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. ऐकले मात्र कोणी नाही. ती युद्धे १५९८ पर्यंत चालली.

ही सारी हकीकत मी प्रथम वाचली ती स्टेफान झ्वाइग या लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरात, शब्दकोश मांडीवर घेऊन. ते पुस्तक १९३६ चे. झ्वाइग ज्यू होता, हिटलरच्या लोकांनी १९३३ साली त्याची पुस्तके जाळली होती. त्यामुळे त्याच्या कॅल्विनमध्ये हिटलर डोकावतो आणि चित्र जरा जास्तच काळे होते. पण साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणातला मजकूर बदला म्हटले. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. बोलवणारे सनातनी नव्हते, सुधारक होते, हे विसरू नये. सुधारकाची खरी परीक्षा त्याच्या स्वतःच्या बैठकीतच होते.

म्हणूनच आपल्या बैठकीतली एक गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीत एक वयस्कर मावशी आहेत. दीक्षेच्या काळापासूनचे बौद्ध घर. मुलगा गेल्यानंतर त्यांच्या पेटीत सासूच्या वेळचा देवीचा टाक असल्याचे कोणीतरी पाहिले. समितीच्या बैठकीत तरुणांनी मागणी केली की, त्या घराला दंड करावा आणि त्यांच्या कार्याला कोणी जाऊ नये. मुलांचा संताप मला समजत होता. बावीस प्रतिज्ञा या थट्टेचा विषय नाहीत, आणि एकेक देव्हारा परत आला तर १९५६ चे काय उरले, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. एका ज्येष्ठांनीही विचारले, मग धम्मात शिस्त नको काय?

मी म्हणालो, प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने घेतली आहे, दुसऱ्याची पेटी उघडण्याची प्रतिज्ञा त्या बावीसांत नाही. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्याला घोषणा केली आणि दीक्षा दिली १९५६ ला. मधली एकवीस वर्षे ते समजावत होते. मुंबईच्या १९३६ च्या परिषदेत धर्मांतर का करायचे ते एकेक मुद्दा घेऊन सांगितले आणि शेवटी तथागतांनी आनंदाला केलेला, स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा उपदेश लोकांपुढे ठेवला. आणि वाळीत टाकणे? ज्यांच्या मुखपत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते, त्यांच्या लेकरांनी कोणाला बहिष्कृत करायचे? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदाही आहे, हे मी कारकुनी सवयीने जोडले.

वाद रात्री अकरापर्यंत चालला. दंडाचा ठराव दोन मतांनी पडला. एक तरुण कार्यकर्ता त्यानंतर माझ्याशी बोलत नाही; त्याच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही आणि त्याचे न बोलणे मला लागते. महिला मंडळाने मात्र वर्षावासात त्या मावशींच्या घरी वंदना ठेवली. मुलाच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती गेली. टाक अजून पेटीत आहे की नाही, ते मी विचारलेले नाही.

कास्टेलिओचा शेवट सुखाचा झाला नाही. बासेलमध्ये एक श्रीमंत परदेशी गृहस्थ राहत असे. तो मेल्यावर तीन वर्षांनी, १५५९ साली, कळले की तो दुसऱ्या नावाने राहणारा डेव्हिड योरिस नावाचा पाखंडी होता. तेव्हा त्याचे प्रेत उकरून जाळण्यात आले. कास्टेलिओची त्याच्याशी ओळख होती, त्यामुळे संशय वाढला. १५६३ च्या हिवाळ्यात त्याच्यावरही पाखंडाची तक्रार दाखल झाली. चौकशी पुढे सरकण्याआधीच २९ डिसेंबरला तो वारला. वय अठ्ठेचाळीस.

मरणाच्या वर्षी तो एक ग्रंथ लिहीत होता. विषय होता शंका घेण्याची कला: कशावर विश्वास ठेवावा, कशाची शंका घ्यावी आणि बुद्धी-इंद्रियांनी ते कसे पारखावे. कालामांना केलेला उपदेश ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा विषय ओळखीचा वाटेल. कास्टेलिओला तो ऐकायला मिळाला नव्हता. तो आपल्याच वाटेने तेथवर आला. ग्रंथ अपुरा राहिला. हस्तलिखित रॉटरडॅमला, म्हणजे इरॅस्मसच्याच जन्मगावी, जतन झाले आणि संपूर्ण स्वरूपात १९८१ साली छापून बाहेर आले. सर्व्हेटसच्या ज्या ग्रंथासह त्याला जाळले, त्याच्याही तीन प्रती वाचल्या आहेत. शांपेलला १९०३ साली एक दगड उभारण्यात आला. तो उभारला कॅल्विनच्याच अनुयायांनी.